उडीखाली गेलेला सूर

वॉशिंग मशीन मधेच थांबलं, पोटात पाणी धरून,
म्हणून तो आला. बाहेर उणे एकोणीस.
दाराशी बूट काढले, मोज्याला अंगठ्यापाशी भोक,
आणि गुडघे टेकून बसला, आमच्या ओउलूतले पुरुष बसतात तसा,
बोललं तर बिल वाढेल, अशा बेतानं गप्प.

मी कॉफी ठेवली आणि सवयीनं गुणगुणत राहिले
पाणमांजराच्या त्या खेळातली चौथ्या टप्प्याची चाल.
गोठलेलं तळं, कंदील गोळा करायचे,
चाळीस सेकंद, की पुन्हा पहिल्यापासून.
हल्ली ती सगळ्यांचीच झाली आहे.
कुणी दहा तास ताणून ठेवली आहे, अभ्यासाला बरी म्हणून,
कुणी मागे शेकोटीची तडतड घातली आहे,
साओ पावलोची एक मुलगी माउथ ऑर्गनवर वाजवते,
आणि खाली अनोळखी माणसं लिहीत जातात:
आजोबांच्या उशाशी शेवटी हीच लावली होती.
उद्या पेपर आहे, कुणी जागं आहे का?
एक मांजर कपाटावरून पडते, तिलाही हीच चाल.
नव्वद लाख वेळा पडली आहे बिचारी.

"तसं नाहीये ते."
मशीनच्या आतून आवाज आला.
"दुसऱ्या ओळीत थांबता तुम्ही. तिथे थांबायचं नाही.
तिथे एक सूर आहे. कोमल. खाली उतरणारा."
मग हात बाहेर आला,
त्यात केसांची पिन आणि एक मऊ झालेलं तिकीट.

पुढचं एकेक स्क्रू काढावा तसं निघालं.
केमी गाव, वय सतरा, आईच्या स्वयंपाकघरात कॉम्प्युटर.
त्या यंत्राला गळे तीनच:
एकानं ठेका धरायचा, एकानं खर्ज, तिसऱ्यानं गायचं.
पण पाणमांजरानं उडी मारली की टुप् वाजायला हवं,
आणि टुप्‌साठी चौथा गळा आणायचा कुठून?
ते गाणाऱ्याचाच घ्यायचं, अर्ध्या क्षणापुरता.
"ज्यानं पहिल्यांदा टेप केलं ना,
त्यानं नेमकी तिथे उडी मारली.
पुढे कुणीतरी टुप् पुसून काढलं. भोक राहिलं.
आता जग भोकासकट गातं."

"मग सांगा ना लोकांना!"
"कुणाला? मांजरीला?"
त्यानं कॉफी संपवली, कप स्वतः विसळला.
दोन हजार मार्का मिळाले होते तेव्हा,
आणि खेळाच्या शेवटी नाव आलं, तेही चुकीचं.

मशीन सुरू झालं, धुतलं, पिळलं,
आणि चार सूर वाजवून थांबलं.
हेही तुमचे का, मी विचारलं.
"छे. हे फार वाईट आहेत."
बिलावर सही: वेइक्को रासिंकांगास.
पंच्याऐंशी युरो.

तो गेल्यावर आठवलं,
तळ्याच्या काठावर नुसती उभी राहणारी मुलगी मीच की.
यार्मो ओरडायचा, अगं खेळ ना, वेळ संपतोय,
आणि मी काही दाबायचे नाही, ऐकत राहायचे
तळं फुटून पाणमांजर बुडेपर्यंत.
म्हणजे मी पूर्ण ऐकली होती. शेकडो वेळा.
तरी मला भोकच पाठ.

रात्री खेळ शोधून काढला, चौथ्या टप्प्यापर्यंत कशीबशी गेले.
काठावर थांबले. हात मांडीखाली.
पहिली ओळ.
दुसरी.
आणि तो आला, कोमल, पायरीवरून पाय घसरावा तसा खाली.

मला तो चुकल्यासारखा वाटला.

दुसऱ्या फेरीत, नेमक्या त्या जागी,
मी उडी मारली.